अगस्त्य आणि अबोला

दादा, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही.

बहात्तर साली मी पाठशाळेतली संस्कृतची नोकरी सोडून कतारला, दोह्यात कारकुनी पत्करली आणि तू बोलणं टाकलंस. मला शिकवलंस तूच, तिथे चिकटवलंस तूच. राग रास्त होता, पण रागावर घर चालत नाही. वर्षभर घरची खबर वहिनीच्या दोन ओळींतून कळायची, शेवटी ‘हे बरे आहेत’. मग एका उन्हाळ्यात तुझ्या अक्षरातलं पाकीट आलं. मायना नाही, आशीर्वाद नाही. ‘अगस्त्याचा तारा तिथे पहाटे प्रथम कधी दिसतो? इथल्यापेक्षा उशिरा दिसायला हवा. दर्यावर्दी लोकांना विचारून कळवणे.’ दोह्याच्या अल नस्र वस्तीतल्या आमच्या खोलीत मी ते मोठ्याने वाचलं. खोलीतला रत्नागिरीचा ड्रायव्हर म्हणाला, “भटजी, ह्यात भाऊ कुठं हाय? नुसता ताराच हाय.”

तरी शुक्रवारी त्यानेच मला उत्तर टोकाच्या अल रुवैस बंदरावर नेलं. सावलीत एक म्हातारा कोळी जाळं सांधत बसलाय. अगस्त्याला इथले अरब सुहैल म्हणतात. ऑगस्ट सरता सरता, दक्षिणेला, पाण्यालगत दिसतो, आणि मग रांजणातलं पाणी गार व्हायला लागतं. ड्रायव्हर अरबीचं मराठी करतोय.

“इचारतो, भाऊ दर्यावर असतो काय?”

“तो विहिरीतसुद्धा उतरत नाही.”

“मग त्याला सुहैल कशाला?”

मी खरं ते सांगितलं, की आमचा अबोला आहे. म्हातारा मान वर न करता काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, मग उत्तर लांबलचक लिव्हा.”

मी रांजणातलं पाणी गार होण्यापासून कोळ्याच्या दाढीपर्यंत सगळं लिहिलं. तुझं उत्तर उलट टपाली: ‘कोळ्याची साक्ष ऐकीव. तू स्वतः पाहिलास काय? आईला कवळी बसवली. बोलताना घालते, जेवताना काढते. तुझ्या वहिनीला दिवस गेले आहेत. शंका पुष्कळ, पत्रात मावणार नाहीत. सुट्टी कधी?’ पुढे तू असेपर्यंत हीच रीत चालली. पानभर शंका, आणि घर समासात. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हे मला इथल्या मोत्यांच्या रंगांविषयीच्या चौकशीनंतर कळलं.

वहिनीच्या पोटात होती ती तुझी लेक आता नववीत आहे. परवा तिने पत्रात विचारलं, ‘काका, बाबा वर्षभर तुमच्याशी का बोलत नव्हते? आई सांगत नाही.’ मी कळवलं, ज्योतिषातला मतभेद. तुझी टिपणं तिने पाहिली आहेत, तिला पटेल. खरं कारण लिहवलं नाही. ते लिहिलं असतं तर पुढचंही लिहावं लागलं असतं: त्या पहिल्या वर्षी तू नुसतं ‘ये’ म्हणाला असतास, तरी मी नोकरी टाकून परत आलो असतो.