गोल्ड कार्डासाठी वळसा

३ मार्च
आजपासून शिस्त. लिफ्टचे सुटे भाग विकत वर्षभर विमानाने फिरायचं, तर पॉइंट्स तरी पदरात पडायला हवेत. गोल्ड कार्डाला आता थोडेच पॉइंट्स कमी आहेत. मग लाउंज, रुंद खुर्ची, रांगेची कटकट नाही. बायको म्हणाली, घरातही खुर्च्या आहेत. तिला कोडशेअर समजत नाही. तिकीट आपल्या एअरलाइनचं, विमान दुसरीचं, पॉइंट्स आपले. नीट समजावलं. ती इस्त्री करत राहिली.

११ मार्च
ताईचा फोन. अण्णांनी जेवण टाकलंय. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. डॉक्टरांना घाईच असते. मागेही असंच म्हणाले होते, तर अण्णा उठून दाढी करायला बसले.
तरी जाणार. वडिलांपुढे काम काय मोठं.

११ मार्च, रात्री
उद्याच्या डायरेक्ट फ्लाइटला जागा आहे, दुपारी पोचवते. पण त्या एअरलाइनचे पॉइंट्स आपल्याला नाहीत. दोनदा विमान बदलून गेलं तर एका फटक्यात गोल्ड. पोचायला परवा सकाळ. एका दिवसाने काय होतंय? अण्णांचा जीव चिवट.

१२ मार्च
पहिलं विमान रखडलं, पुढचं चुकलं. काउंटरवरची बाई म्हणाली, विमान आमचं, पण तिकीट तुमच्या एअरलाइनचं, त्यांना विचारा. त्यांचा काउंटर बंद. लाउंजच्या दारातल्या माणसाने कार्ड मागितलं. म्हटलं, मिळणारच आहे. तो म्हणाला, मिळालं की या.
बाहेर फरशीवर बसलोय. संध्याकाळी ताईने फोन अण्णांच्या कानाशी धरला. कुठवर आलास, विचारलं त्यांनी. म्हटलं, आलोच.

१३ मार्च
दुपारी विमान मिळेल म्हणतात. ताई फोन उचलत नाही. अण्णांजवळ बसली असेल.

१४ मार्च
पोचलो. अण्णांच्या पलंगावरची गादी गुंडाळून भिंतीला लावलेली. शेजारचे काका म्हणाले, परवा रात्री गेले, काल संध्याकाळपर्यंत तुझी वाट पाहिली, मग उरकून घेतलं.
ताईने विचारलं, डायरेक्ट नाही मिळाली का रे? म्हटलं, जागा नव्हती. ती म्हणाली, ऐन वेळी कुठली मिळायला. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला ताट वाढलं.

२० मार्च
एअरलाइनचा मेल. सवलतीचं तिकीट, विमान भागीदार कंपनीचं, त्यामुळे पॉइंट्स लागू नाहीत. तक्रार करणार होतो. राहू दे.
बायकोने आज विचारलं, त्या फ्लाइटला खरंच जागा नव्हती? म्हटलं, नव्हती.
नव्हतीच. फुल होती.