डावं खोकं मुकं

प्रिय चिमणे,

अक्षर वेडंवाकडं आलंय ते वयामुळे नव्हे. काल दुपारी तुझ्या खोलीत जे झालं, त्यामुळे. दोन महिने झाले, तू बाबांशी फोनवर बोलतेस आणि मी फोन मागितला की तुला नेमकं काम निघतं. हे पत्र तरी अर्ध्यावर ठेवू नकोस.

मला वाटायचं, तू रुसलीस ती त्या खोक्यांवरून. बाबा छापखान्यातून निवृत्त झाले म्हणून तू आणि जावईबापूंनी गाण्याची एवढी मोठी यंत्रणा पाठवलीत, आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर एवढ्या पैशांत घराला रंग लागला असता. वर तिची दोन्ही खोकी, म्हणजे ते स्पीकर, मी तुझ्या कपाटावर एकमेकांना खेटून ठेवली, झाडायला जमीन मोकळी राहावी म्हणून. तू फोनवर ओरडलीस, अगं आई, ते पिठाचे डबे आहेत का? मग तू सांगत गेलीस आणि बाबा हलवत गेले. भिंतीपासून हातभर पुढे, कोपऱ्यात नको, तिथे आवाज घुमतो. बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवीत. दोन्हींत जेवढं अंतर, तेवढंच खुर्चीपर्यंत. बाबांनी जमिनीवर खडूने खुणा केल्या. समोरची भिंत उघडी आहे म्हणालीस, तर तुझी लहानपणची गोधडी तिथे टांगली. खोली अगदी देखणी झाली, हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

खुर्ची एकच, त्यामुळे आळीपाळीने बसायचं. संध्याकाळी आधी हे, मग मी माझ्या भक्तिगीतांना. पण मला पहिल्यापासून वाटायचं की डावं खोकं मुकं आहे, सगळं गाणं उजवीकडूनच येतंय. मी रोज कुरकुर करायची, महागाचा माल आणि निम्मा बंद. पुढे झाडताना बघते तर डावं खोकं खुणेवरून खुर्चीकडे सरकलेलं. मी ते जागेवर ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पुढे. मला वाटलं, जन्मभर यंत्रांच्या खडखडाटात काढलेला माणूस, गेला यांचा कान! मी हसले, म्हटलं आता खोकं मांडीवरच घेऊन बसा.  हे नुसते हसले.

काल गॅरंटी संपायच्या आत म्हणून मीच दुकानातला मेकॅनिक बोलावला. बडबड्या माणूस. आल्याआल्या खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली, म्हणाला काकू, खोली एक नंबर लावलीय, पण हे डावं पोरगं ओळ सोडून पुढे का आलंय? हे म्हणाले, बाईसाहेबांना ऐकू येईना, म्हणून रोज थोडं थोडं सरकवतो, नाहीतर मलाच ऐकावं लागतं! मी म्हटलं, म्हणजे तुम्ही स्वतःसाठी नाही सरकवलं? मेकॅनिकने ते खुणेवर नेलं, मला खुर्चीत बसवलं आणि एका बाईचं गाणं लावलं. आवाज कुठून येतो? मी उजवीकडे बोट केलं. हे म्हणाले, अगं, मधून येतोय की. त्याने दोन्ही खोक्यांची अदलाबदल केली. मी पुन्हा उजवीकडे.  त्याने मला उठवून खुर्चीच उलटी केली, भिंतीकडे तोंड, खोकी पाठीमागे. आता, काकू? आता जे मघापासून गात होतं ते गप्प, आणि मुकं होतं ते गायला लागलेलं.

तरीही मला कळेना. म्हटलं, बघा, आता दुसरंही बिघडलं. तो माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने मी विचारलं, करताय काय? तर यांनी तोंडावर हात धरलेला. तो केव्हापासून माझ्या डाव्या कानाशी बोटं घासत होता, चिमणे. खोकी दोन्ही धडधाकट होती.

पण मला कानाचं काही वाटलं नाही. मला आठवला तुझा दोन महिन्यांपूर्वीचा तो शेवटचा फोन. माझा उजवा हात जमाखर्च लिहिण्यात, फोन डाव्या कानाला दाबलेला. तू फार हळू बोलत होतीस. मला एवढंच ऐकू आलं, सांगायला येणार होते... आणि मग, राहिलं. मी समजले, तुमचं येणं राहिलं. तिकिटं महाग, हे तूच आधी म्हणाली होतीस. मी म्हटलं, राहिलं तर राहिलं, बरं झालं, तेवढाच खर्च वाचला. तू फोन ठेवलास. मला वाटलं, लाइन कटली.

मेकॅनिक गेल्यावर मी यांना विचारलं, त्या दिवशी चिमणी मला काय म्हणाली होती?  हे म्हणाले, तुला माहीत नाही? जावईबापूंनी यांना त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. तिने आईला सांगितलंय, आता घरात विषय काढू नका, असंही म्हणाले होते. मी देवापुढे जास्त वेळ बसते ती दुःखाने, असं हे समजत होते. मी बसत होते तुझा राग जावा म्हणून. एका घरात राहून आम्ही दोन महिने असे. मग यांनी मला उजव्या बाजूला येऊन सांगितलं. तिचं बाळ राहिलं नाही.

आणि मी म्हटलं, बरं झालं.

हे फोनवर सांगायची मला भीती वाटली. तू काय म्हणशील त्यातलं पुन्हा अर्धंच कानावर पडलं तर? म्हणून लिहिलं. यांना तिकिटं काढायला पाठवलंय, किंमत विचारली नाही. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी पायरीवरही बसेन. पण उघडलंस, तर मला तुझ्या डाव्या हाताला बसू दे, म्हणजे माझा चांगला कान तुझ्याकडे येईल. मग पहिल्यापासून सांग. हळू सांगितलंस तरी चालेल.

तुझीच, वाटेला लागलेली,
आई