कुंकू नको, काजळ नको

५ जानेवारी १९९८, सोमवार
साताऱ्याची भार्गवी अखेर बंगळूरला नोकरीला लागली. बसवनगुडीत डॉ. पद्मनाभ यांनी डोळ्यांच्या लेसरचं नवं केंद्र काढलंय. तिथे मराठी पेशंटांशी बोलायला माणूस हवं होतं, आणि बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. राहायला गंगव्वा अक्कांकडे खोली मिळाली. अक्का मूळच्या निपाणीच्या, जेवायला बसवून ‘स्वल्प घे गं’ म्हणत ताट भरतात.

लेसरआधी काय माहीत हवं, ते सांगणं माझं काम. लेन्स वापरत असाल तर आधीपासूनच बंद करा, नाहीतर मापं चुकतात. नंबर स्थिर हवा. आत लाल दिव्याकडेच बघायचं. नंतर डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी नाही. आणि कुंकू नको, काजळ नको, पावडर नको, अत्तर नको. हे शेवटचं डॉक्टर माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात.

मला स्वतःला उणे आठचा चष्मा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण महिनाअखेर डॉक्टर माझं लेसर फुकट करणार आहेत. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या छताचा पंखा दिसला पाहिजे, एवढंच मागणं आहे माझं.

टेबलामागे दोन खुर्च्या आहेत. दुसरीवर मी पर्स ठेवली, तर दयानंद अण्णांनी उचलून कपाटात ठेवली. पेशंटना आतबाहेर नेणारे हे अण्णा स्वच्छतेचे भोक्ते दिसतात.

९ जानेवारी
काल सुखदाचं लेसर झालं. नवी नवरी, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. आज तिने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली आणि रडली. मलाही भरून आलं. जाताना तिने विचारलं की तुमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या ताई कधीच कशा बोलत नाहीत. मी सांगितलं, सुरुवातीला थोडं धूसर दिसतं, दिव्यांभोवती वलयं दिसतात, घाबरू नका. ती म्हणाली, धूसर नाही हो, त्यांच्या साडीचा हिरवा काठसुद्धा दिसतोय.

१४ जानेवारी, संक्रांत
अक्कांनी एळ्ळु-बेल्ल दिलं, म्हणजे इकडचा तिळगूळ. दुपारी सुखदा तपासणीला आली ती तिळगूळ, कोयरी आणि वाण घेऊनच. पहिली संक्रांत, गावात ओळखीचं कुणी नाही, म्हणून आम्हालाच हळदीकुंकू. मला लावलं आणि सहज वळून शेजारच्या खुर्चीपुढे बोट धरलं. कुंकू खुर्चीवर सांडलं.

मला हसू आवरेना. म्हटलं, लावा लावा, त्यांनाही लावा, मनात ठेवू नका. त्या न दिसणाऱ्या ताईंच्या वाट्याचं वाणही मीच हात पुढे करून घेतलं. प्लास्टिकचा लाल करंडा होता, तो खणात टाकला.

मग मी रीतीप्रमाणे सुखदाला उलट कुंकू लावायला गेले, तर ती मान मागे घेऊन म्हणाली, मला नको, डोळ्यांत जाईल, तुम्हीच तर सांगितलंय. हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग तेच पुन्हा खुर्चीकडे बघून म्हणाली.

२१ जानेवारी
सुखदाला नवऱ्याने हाताला धरून आणलं. डावा डोळा लाल, सुजलेला. डॉक्टरांनी आतून कुंकवाचे कण काढले. ते माझ्यावर ओरडले, सांगितलं नव्हतंस का? मी सांगितलं होतं. सुखदाही तेच म्हणते. ती म्हणते, मी लावलं नाही, त्या खुर्चीवरच्या ताईंनी उलट लावलं. डोळा वाचेल असं वाटत नाही.

२२ जानेवारी
अण्णांना खोदून विचारलं. माझ्या आधी इथे नीलिमा नावाची मुलगी होती. लग्नाआधी चष्मा नको म्हणून तिने लेसर करून घेतलं. लगेचच हळदीचा दिवस आला. ती नको नको म्हणत होती, पण बायकांनी हौसेने हळदकुंकू माखलं. दोन्ही डोळे गेले, लग्न मोडलं, आणि नंतर तीही गेली. अण्णांचं म्हणणं, त्या खुर्चीवर ती बसायची, आणि तिने कुणाचं काही घेतलं नव्हतं, तोवर सगळं सरी, ठीक होतं.

मी घेतलं ना. तिच्या वतीने. आणि घेतलं की उलट कुंकू लावायची रीत.

३० जानेवारी
उद्या माझं लेसर. आज जाऊन नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, सांगणारीच घाबरली तर इथे येणार कोण? नोकरी जाईल असं बोलले नाहीत, पण मला कळलं. आणि खरं सांगू, मला अजूनही तो पंखा बघायचाय.

भीती वाटतेय. करंडा परत देऊन टाकावा म्हणून खण उघडला. करंडा नाही.

१ फेब्रुवारी
लिहायला बंदी आहे, म्हणून थोडंच. काल लाल दिव्याकडे बघत होते. डॉक्टरांच्या खांद्यामागे कुणीतरी वाकून माझ्याकडे—

सकाळी पंखा दिसला. पाती मोजता आली. दारात ती उभी होती. हिरवा काठ. सुखदा म्हणाली होती तसाच.

२ फेब्रुवारी
आज पलंगाच्या पायथ्याशी. अक्कांना दिसत नाही. त्या तिच्यातून चालत आल्या आणि थेंब घालून गेल्या. डोळे मिटले की बरं. पण मग ती कुठे आहे कळत नाही.

अक्कांना सांगितलं, माझ्या खोलीत कुंकू आणू नका. त्या म्हणाल्या, आणलंच नाही. मग उशीवर हे लाल—

३ फेब्रुवारी, रथसप्तमी
हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. अक्का शेजारी गेल्यात, लगेच येते म्हणाल्या. बाहेरून कडी.

ती पलंगाच्या कडेला बसलीय. गादी दबलीय. हातात करंडा. तिच्या डोळ्यांच्या जागी नुसतं लाल. तरी बघतेय.

म्हटलं, नको. डोळ्यांत जाईल. सगळ्यांना सांगते तसंच सांगितलं, अगदी नीट. कुंकू नको, काजळ नको—

ती मान हलवतेय. तिनेही हेच सांगितलं होतं.

डोळे घट्ट मिटलेत. अंदाजाने लिहितेय. अक्का, कडी काढा. कपाळावर बोट. गार. आता ते खाली पापणीव