अंबडकरांसमोर गुणगुणलेली मोटार

जालना, चैत्र वद्य चतुर्थी

तीर्थरूप आक्कास,

गिरिधरचा साष्टांग नमस्कार. (पोट सुटल्यापासून साष्टांग फक्त कागदावर जमतो, तो गोड मानून घे.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तिकडे तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि नुकतीच व्यालेली म्हैस कशी आहे ते कळव. म्हशीचं जरा सविस्तर लिही, कारण या पत्राशी भावजींच्या खोकल्यापेक्षा तिचा संबंध जास्त आहे.

पाडवा झाल्यावर मी आणि आपली धाकटी प्रेमला मोटारीनं तीर्थपुरीला तुझ्याकडे येऊन गेलो, तो दिवस तू विसरली नसशील. निघताना तू तुपाची चरवी घेऊन मोटारीपुढे उभी राहिलीस. मी म्हटलं, वैद्यांनी मला तूप बंद केलंय. तू म्हणालीस, त्या वैद्याला बंद कर. बहिणीच्या घरून भाऊ रिकाम्या हातानं कसा जाईल, इथपासून बाबांच्या आठवणीपर्यंत सगळं झालं, आणि शेवटी तू फणकाऱ्यानं चरवी घेऊन आत गेलीस. मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा मी तुझ्यापुढे जिंकलो. (मी वकील आहे, तरी मला हे खरं वाटलं.) त्याच आनंदात हँडल मारलं, गावाबाहेर आलो, गाडीनं जरा वेग घेतला आणि ती गुणगुणायला लागली.

आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर परवडला असता. कुणी म्हातारा देवघरात तोंड मिटून स्तोत्र म्हणत असावा तसा बारीक, न संपणारा झुंईंईं. गाडी हळू चालवली की गप्प, पळवली की सुरू, आणि कान लावून ऐकायला खाली उतरावं तर गाडी उभी, म्हणजे पुन्हा गप्प! एरवी मी तिकडे लक्षही दिलं नसतं. माझ्या अशिलांचे आवाज याहून वाईट असतात. पण अंबडचे बद्रीनाथराव आपल्या मुलासाठी प्रेमलाला बघायला येणार होते आणि त्यांनी आधीच कळवलं होतं, की मुलगी बघून झाली की तुमच्याच मोटारीनं सगळे जांबला जाऊ, समर्थांचं दर्शन घेऊ, आणि मगच होय की नाही ते सांगीन. या गृहस्थांची ख्याती तुझ्याही कानावर असेल. एक मुलगी त्यांनी पोहे देताना शिंकली म्हणून नाकारली. दुसरीनं बिचारीनं काहीच केलं नव्हतं, तर तिच्या घरातलं घड्याळ बंद पडलेलं होतं. बाबांच्या मागे प्रेमलाचं लग्न माझ्यावर आहे, इतकं चांगलं स्थळ आजवर आलं नव्हतं, आणि असल्या शकुनवाल्या माणसाला मी गुणगुणणाऱ्या गाडीत बसवायचं! माझी झोप उडाली.

मच्छिंद्र मिस्त्रीला बोलावलं. मच्छिंद्र कालपरवापर्यंत बैलगाड्या दुरुस्त करायचा. गावात मोटारी आल्या तशी त्यानं पाटीवरची बैलजोडी पुसून तिथं मोटार रंगवली (चाकं अजून बैलगाडीचीच आहेत). त्यानं गाडीचं जे जे हलतं ते ते चिंध्यांनी आवळलं, त्यात सौ.चं एक धडकं लुगडं गेलं, आणि त्यावरून जे झालं ते या पत्राचा विषय नाही. मग त्याला भोंग्याचा संशय आला, म्हणून भोंग्यात बोळा कोंबला. गुणगुण तशीच राहिली, भोंगा मात्र गेला, आणि मी भर बाजारातून काळ्या कोटात "बाजू, बाजू" ओरडत गाडी नेऊ लागलो. शेवटी मच्छिंद्र गाडीखाली शिरला आणि बऱ्याच वेळानं समाधानानं बाहेर आला. म्हणाला, "साहेब, खाली समदं बराबर हाय. वंगणाचं भांडं जागच्या जागी टांगलेलं हाय, जरासं गळून राह्यलंय, तेवढं चालायचंच." मोटारीला वंगणाचं भांडं असतं की नसतं हे मला कुठं ठाऊक? पण मिस्त्रीपुढे अज्ञान दाखवणं वकिलाला शोभत नाही. बैलगाडीच्या आसाला वंगणाचं भांडं लोंबतं ते आपण लहानपणापासून बघतो, तसं मोटारीलाही असेल, जरा महागातलं असेल, असं म्हणून मी मान डोलावली.

पुढं ऊन तापायला लागलं तशी गाडी गुणगुणण्याबरोबर दरवळायलाही लागली. अदालतीपुढे ती उभी केली की गल्लीतली कुत्री तिच्याखाली जाऊन बसत आणि घरी निघालो की मागून धावत. (लोकांना वाटलं, वकीलसाहेबांनी पाळली आहेत.) एकदा मागचं चाक तपासून घरी आलो तर सौ.नं माझा हात हुंगला आणि विचारलं, कुठं जेवून आलात? मी म्हटलं, अगं, मोटारीचं वंगण आहे. खरं बोलून इतका खोटा मी अदालतीतही कधी पडलो नव्हतो. त्या दिवसापासून माझ्या ताटातली भाकरी आणखी कोरडी झाली.

आणि अंबडकर आले. घरातलं घड्याळ मी सकाळीच किल्ली देऊन ठेवलं होतं, प्रेमला शिंकली नाही, पोहे चांगले झाले. मग आम्ही जांबला निघालो. पुढे मी, बद्रीनाथराव आणि मध्ये दाटीनं त्यांचा मुलगा मुकुंद, मागे सौ. आणि प्रेमला. आवाज दबावा म्हणून मी सुटताक्षणी एका वाटणीच्या दाव्याची हकिकत मोठ्यानं सांगायला घेतली. पण माणसाला श्वास घ्यावाच लागतो. मी थांबलो की गाडी सुरू. बद्रीनाथराव म्हणाले, "वकीलसाहेब, हे कोण गुणगुणून राह्यलंय?" मी म्हटलं, वारा. ते म्हणाले, "वारा तर बिलकुल न्हाई. थांबवा गाडी. देवाला निघालो अन् गाडी रडून राह्यली, हे काही बराबर न्हाई." आक्का, मी एका बाभळीखाली गाडी थांबवली. प्रेमलाचं लग्न मोडलं ते याच बाभळीखाली, असं धरून मी खाली उतरलो.

तेवढ्यात मुकुंद इस्त्रीच्या कोटासकट गाडीखाली शिरला. जरा वेळानं त्याचं हसू ऐकू आलं, आणि तो बाहेर आला तो कोपरापर्यंत तुपानं माखून, तुझी चरवी पोटाशी धरून! मी जिंकलो असं समजून गाडीत बसत होतो, तेव्हा तुझ्या गड्यानं, कडूबानं, ती आसाखाली बांधली असणार. झाकणाचा काठ सैल होता, गाडी पळाली की तो थरथरायचा. बद्रीनाथरावांनी विचारलं, हे काय? मी पुन्हा वाटणीचा दावा काढू बघत होतो. पण सौ.नं चरवी पुढं होऊन घेतली, झाकणावर कोरलेल्या तुझ्या नावावर पदर ओढला आणि सांगितलं, की हे आमच्या प्रेमलानं कढवलेलं तूप आहे, आत हिंदकळून सांडू नये म्हणून खाली टांगलं होतं. (इतकी वर्षं वकिली मी करतोय, हे केवढं नुकसान!) जांबला दर्शन झालं, वरणभात झाला, बद्रीनाथरावांनी तूप मागून मागून घेतलं आणि हात धुता धुता म्हणाले, मुलगी पसंत.

तर अशी ही हकिकत. तुझ्यावर मी रागावलेलो नाही, रागावण्याची सोयच तू ठेवली नाहीस. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गिरिधर

ता. क. एक सांगायचं राहिलं, म्हणजे त्यासाठीच हे पत्र. अक्षय्य तृतीयेला बद्रीनाथराव पुन्हा येणार आहेत आणि प्रेमलाच्या हातचं तूप आपल्या डोळ्यांसमोर कढलेलं त्यांना खायचं आहे. प्रेमलानं आजवर फक्त दूध उतू घालवलंय. तेव्हा पत्र पोचताच बैलांची दमणी पाठवून तिला घेऊन जा आणि काय शिकवायचं ते जल्दी शिकव. वैद्यांना मी बंद केलं आहे.

ता. क. (हे अक्षर प्रेमलाचं.) आक्का, दादानं पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून या चार ओळी. कडूबा चरवी बांधत होता ते मी बघितलं होतं, तूच मला तोंडावर बोट ठेवून खुणावलं होतंस. घरी आल्यावर सांगणार होते. पण अंबडचे येणार असं कळलं आणि म्हटलं, वाजू दे. घड्याळावरून मुलगी नाकारणारे गाडीवरून नक्की नाकारतील आणि मी सुटेन. गाडी थांबवली तेव्हा मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. मग तो चरवी घेऊन बाहेर आला. वहिनीनं पदर ओढायच्या आधीच त्यानं झाकणावरचं तुझं नाव वाचलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि वडिलांना काहीच सांगितलं नाही, जांबला नाही आणि परत येतानाही नाही. तूप शिकायला मी येते. आणि मला अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून तुलाच कळवते. मुलगा मला पसंत आहे.