टोपीची बेंबी

माघ वद्य ३, शनिवार. सन ५४

नीलम्मानं माझं घर फोडलं. वहीत वर आधी बसवण्णांचं नाव घालायचं असतंय, आज मागनं घालते. आधी हे.

हसनमियाँ आलता. टोप्या वर्षानुवर्षं हाच नेतो. इथनं सोलापूर, तिथनं मुंबई, पुढं बोटीनं साहेबांच्या मुलखात. आज गाडी अर्धी रिकामी घेऊन गेला. म्हणला, "अम्मा, अब थोडाच माल होना. सोलापुरात बी ऐसीच टोपी मिळायलीय." मी म्हणलं, ऐसीच म्हंजे कसली? म्हणला, "बीच में छेद न्हाई, वैसी." त्याला पाणीसुद्धा विचारलं न्हाई.

छेद नसलेली बेंबी आमच्या घरचीच. बाकीच्यांच्या टोपीला मधोमध भोक राहतंय, पाऊस टाळूवर गळतोय. आमी शिंदीची एक पात उलटी वळवून ते मिटवतो. रोज सकाळी बेंब्या मी करून वाटायच्या, पुढचं गल्लीतल्या बायांनी विणायचं. हे वळण सासूनं सुनेलाच दाखवायचं. लेकीला न्हाई, लेक दुसऱ्याच्या घरी नेती. म्हणून पोटच्या काशीला दाखवलं न्हाई. सुनेला, नीलम्माला, दार लावून दाखवलं. ती आता माझ्या शिवप्पाबरोबर सोलापुरात. तो गिरणीत, ती घरी. घरी म्हणे.

बसवण्णा. घातलं नाव.

महाशिवरात्र, बुधवार

उपास. शेवंता समोरच्या घरची, नवरा खाटेवर, तिची चूल टोपीवरच पेटती. आज तोंडावर बोलली, "मावशी, तुमची सून तिकडं जगाला शिकवायलीय, आमी हिकडं काय पाती चघळायच्या?"

चघळ म्हणलं, उपासाला चालतंय.

हसली न्हाई. मलाबी हसू आलं न्हाई. नीलम्माला शिव्या घातल्या, मराठीत संपल्या मग कानडीत.

फाल्गुन शुद्ध ३, सोमवार

ऊन. पाती भिजवल्या की वाळायल्यात. हसनमियाँ आला न्हाई. तयार टोप्या शेवंताच्या माळवदावर झाकून ठेवल्यात. बाया बेंब्या न्यायला आल्या न्हाईत. मीबी कुणाला हाक मारली न्हाई. कामून मारू?

होळीच्या आदल्या दिवशी

काशी अफजलपूरहून आली. पायबी धुतले न्हाईत आणि सुरू झाली. "आये, मला दाखवली असतीस तर अफजलपुरातच राहिली असती बेंबी. मोटारीत बसून सोलापूरला गेली नसती."

सासरी जीभ लांब झाली तुझी.

"मुळातच होती. तुझीच हाय."

तिला सोलापूरला धाडते. तिकडं असल्या टोप्या जिथं करत्यात, तिथली एक आणायची. विकत, मागून न्हाई. म्हणली, वैनीला काय सांगू? काही सांगू नको, तोंड बघून ये.

युगादी, रविवार

काशी टोपी घेऊन आली. गिरणीमागं पत्र्याची शेड हाय म्हणे, बाया ओळीनं बसून विणायल्यात. नीलम्मा तिथं नव्हतीच. घरी पोराला न्हाऊ घालायलीती. काशीला म्हणली, "आत्याबाईंना सांगा, मी हात लावला न्हाई." मी म्हणलं, सोंगं.

मग टोपी उलटी केली. बेंबी आमचीच, भोक न्हाई. पण उलटी पात डावीकडं वळलेली. मी उजवीकडं वळवते. माझी सासू उजवीकडं, नीलम्माबी उजवीकडं. आमच्या घरात डावरा एकच. भाकर डाव्या हातानं मोडतो म्हणून बापाचा मार खायचा. मी बेंब्या करायचे तेव्हा माझ्याच मांडीवर डोकं ठेवून पडायचा, डोळे उघडे. लेकीला बाहेर काढून दार लावायचे. त्याला काढायचं कधी सुचलंच न्हाई. बाप्या माणूस काय टोप्या विणतोय.

शेडमधल्या बाया त्याचा हात बघून तशाच डाव्या वळवायल्यात. सगळा माल डावा.

काशीनं पात बघितली. मग माझ्याकडं. कडुलिंब-गुळाची वाटी हातात धरून बसली. मी म्हणलं, खा. सणाचं हाय.

चैत्र शुद्ध ३, मंगळवार

मोटारवाल्याकडं शिवप्पाचा निरोप. "आये, रागवू नको. नीलम्माला धाडतो, ती तुला समजावून सांगंल."

ती कामून? महिनाभर तिला शिव्या घातल्या, घातल्या त्या घातल्या. त्याच्यासाठी दुसऱ्या शोधाव्या लागतील, पोटच्या पोराला पुरतील असल्या. शेवंता अजून नीलम्मालाच बोलायलीय. तिला खरं अजून सांगितलं न्हाई. दोन दिस झाले, लेकाचं नाव तोंडातून निघंना.

मोटारवाल्याला थांबवून उलटा निरोप दिला, दोनदा म्हणवून घेतला. नीलम्मानं यायचं तर सणासुदीला यावं, जेवावं, जावं. जबाब द्यायला यायचं न्हाई. शिवप्पानं यायचं. माझ्या चुलीपुढं रडायला न्हाई. शेवंताच्या अंगणात सगळ्या बाया बसतील, तिथं. बायकोला पुढं घालायचं न्हाई. विचारणार शेवंता. बोलणार शिवप्पा.