छोट्या लाइनीच्या भरावावर

दादा, काल मी तुमच्या लाइनीवरून सायकल चालवली. हसू नका. पन्नाशी उलटलेली तुमची लेक डोक्यावर हेल्मेट घालून तीन दिवसांसाठी निघालीय, देवगाव फाटा ते राणीसावरगाव, सोबत शाळेतल्या दोघी बाई. मानवतच्या अलीकडे छोट्या लाइनीचे रूळ कधीच उपटून नेले. उरलाय नुसता भराव, दोन्हीकडं कापूस, मधे पायवाट. खडी अजून चाकाखाली करकरते. याच वाटेनं तुमी खांद्यावर हातोडा घेऊन रोज रूळ तपासत चालायचे, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकून घट्ट करायचे.

ठोकून ठोकून तुमचे कान गेले. आई गेल्यावर घरात आपण दोघंच, त्यामुळं हे फक्त मला ठाऊक. कानाच्या तपासणीत नापास झाले तर तुमाला लाइनीवरून काढून लांब कुठं तरी पाठवणार, क्वार्टर जाणार, माझी दहावी बोंबलणार. तुमी म्हणाले, "माय, डाक्टर पाठीमागून आकडे कुजबुजतो. तू समोर दारात उभी ऱ्हा अन् बोटं दाखव." दाखवली. सात, चार, नऊ. एकही चुकला नाही. बाहेर आल्यावर तुमी मला भजी खाऊ घातली. "लय हुशार हाय माझी लेक," म्हणाले. काय खूश झाले होते मी! आता लिहिताना सुद्धा लाज वाटायलीय.

पुढच्याच महिन्यात गाडी तुमच्या पाठीमागून आली.

काल त्याच जागी मागच्या बाई ओरडल्या, "अहो, सरका की! किती वेळची घंटी वाजवायलेय मी!" मी उतरले आणि भरावावर बसून ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, ऊन लागलं. बिचाऱ्यांनी लिंबूपाणी पाजलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? वहीतच राहील. पण एक सांगते. चौकशीला साहेब आले तेव्हा मी म्हणाले, गाडीनं शिट्टी वाजवलीच नाही. तुमच्या कानाचं कळलं असतं तर बोटं कुणी दाखवली तेही निघालं असतं. ड्रायव्हरला घरी बसवलं. तो आपल्या दारात येऊन उभा राहिला. "पोरी, वाजवली होती ना गं मी?" एवढंच विचारलं त्यानं. मी दार लावून घेतलं.

वाजवली होती, दादा. लय वेळ वाजवली. मी क्वार्टरात चुलीपुढं होते, मला तिथपर्यंत ऐकू आली. अन् मी तव्यावरची भाकर उलटली.