भिकाजीच्या दोन शिफारशी

॥ श्री ॥

पूर्णगड,
ता. ९ डिसेंबर १९८६

चि. सौ. सावित्रीस आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपला रघू निवडून आला! खाडीकाठ आंबा बागायतदार संघाचा नवा चेअरमन म्हणजे माझा चौथीतला रघू, जो पाढे म्हणताना सतराशी आला की खिडकीबाहेर बघायचा. त्याच्यासाठी मी महिनाभर दुखरा गुडघा घेऊन बागाबागांतून हिंडलो. का, ते तुला ठाऊक आहेच. त्याने देवळाच्या सभामंडपात चारचौघांसमोर सांगितलं की, मोहोर फुललेला असताना संघाचा एकही पंप बागेत जाणार नाही.

गेल्या माघात शेजारच्या धाकूने भर मोहोरावर औषध मारलं. माझ्या मधमाश्यांच्या नऊ पेट्यांतल्या पाच ओस पडल्या. मेलेल्या माश्या सुपात भरून मी माडाच्या आळ्यात पुरल्या. तू हसशील, पण त्या दिवशी पडवीत बसून मी रडलो. तुडतुडे मारायचे तर मोहोर उमलण्याआधी मारा, फळ धरल्यावर मारा. नेमक्या पाहुण्या जेवायला आल्या की घराला आग कशाला लावायची? उरलेल्या चार पेट्या गेल्या तर ह्या वयात पुन्हा उभ्या करणं माझ्याच्याने होणार नाही.

आता संघाचा शेतकी अधिकारी नेमायचा आहे. कोणती फवारणी, कधी, हे तोच ठरवणार. रघू म्हणाला, मास्तर, माणूस तुमच्या मनासारखाच देतो. मी निश्चिंत आहे.

तुझ्या वहिनीने कुळीथ काढून ठेवलेत, कोणी येणारं असल्यास कळव. जावईबापूंना नमस्कार. लोभ आहेच, तो मुंबईच्या हवेत विटू देऊ नये.

तुझा,
आप्पा

—

मुंबई,
ता. १८ डिसेंबर १९८६

ती. आप्पांस सावित्रीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. तुमचं अभिनंदन आणि गुडघ्याचं सांत्वन. निलगिरीचं तेल पाठवते आहे, ते गुडघ्याला लावा. मागच्या वेळी माश्यांच्या पेटीवरच्या मुंग्यांना लावलंत, असं वहिनी म्हणाली.

रागावू नका, पण तुम्ही ज्याच्या पाठीशी उभे राहता तो निवडून येतो आणि मग तुमच्याकडे पाठ करतो, हा आपल्या घराचा इतिहास आहे. राईतली झाडं वाचवणार म्हणून तुम्ही ज्या भल्या माणसाला निवडून आणलंत, त्याने पुढे लाकडाची वखार काढली आणि उद्घाटनाला तुमच्याच हस्ते नारळ फोडून घेतला. म्हणून म्हणते, अधिकारी कोण होतो ते बघा आणि मग निश्चिंत व्हा.

आमच्या टेलिफोन खात्यात सगळ्या जणी आत्तापासून तुमच्या हापूसची चौकशी करताहेत. मुलं मजेत. वहिनीला नमस्कार. माया आहे ती तशीच असू द्यावी, शिकवणी मात्र थोडी कमी करावी.

तुमची,
सावित्री

—

पूर्णगड,
ता. ४ जानेवारी १९८७

चि. सावित्रीस आशीर्वाद.

घात झाला. रघूने शेतकी अधिकारी म्हणून कोणाला नेमलं असेल? भिकाजीला! बाजारातला औषधवाला भिकाजी, ज्याच्या दुकानात कवटीचं चित्र असलेले डबे देवाच्या तसबिरीखाली रांगेने मांडलेले असतात. ढेकूण असोत, भातावरचे किडे असोत की पोटमाळ्यावरचे उंदीर, त्याच्याकडे सगळ्यांना एकच पावडर. त्याच्या घरात पालसुद्धा टिकत नाही. हा आता आमच्या मोहोराचा रखवालदार!

मी संघाच्या सभेत उभा राहिलो आणि स्पष्ट बोललो. कोल्ह्याला कोंबड्यांचा हिशेबनीस नेमलात, असं म्हणालो. लोक हसले, भिकाजीही हसला, आणि रघू खाली मान घालून कागद चाळत बसला. तेव्हा माझं डोकं फिरलं. चाळीस माणसांसमोर मी शब्द दिला की, जोवर भिकाजी त्या खुर्चीवर आहे तोवर आप्पा मास्तर आंब्याची फोड तोंडात घालणार नाही. मी देवाची शपथ घेत नाही, तुला माहीत आहे. मास्तरचा शब्द तेवढ्याच तोलाचा.

माघी पौर्णिमेनंतर संघाचे पंप फिरवायचे, असा त्याने फतवा काढला आहे. पहिली बाग धाकूची, म्हणजे माझ्या पेट्यांपासून हाकेच्या अंतरावर. ह्या नतद्रष्टाची शिफारस रघूकडे केली तरी कोणी, देव जाणे.

मन थाऱ्यावर नाही. पत्र आटोपतं घेतो. तेल पोचलं.

तुझा,
आप्पा

—

मुंबई,
ता. १२ जानेवारी १९८७

ती. आप्पांस शि. सा. नमस्कार.

जानेवारीत आंबा सोडलात? मग मीही वैशाखात छत्री सोडते. आमचे हे म्हणाले की, आप्पांनी त्याऐवजी चहा सोडला असता तर भिकाजी दुसऱ्या दिवशी राजीनामा घेऊन दारात आला असता आणि वहिनीही सुटली असती.

थट्टा पुरे. पेट्यांचं वाचून वाईट वाटलं. लहानपणी तुम्ही मला माशी चावली की आधी माशीची चौकशी करत होतात, ते अजून विसरले नाही. त्या चार पेट्या काही दिवस पावसला काशीआत्याकडे नेता येणार नाहीत का? आणि रघूला नीट विचारा, शिफारस कोणी केली? कोण ते गाढव सापडलं की त्याच्याच तोंडून ती मागे घ्यायला लावा.

उत्तर लवकर द्यावं. तुमच्या आशीर्वादावर आमचं चाललं आहे, तो आखडता घेऊ नये.

तुमची,
सावित्री

—

पूर्णगड,
ता. २० जानेवारी १९८७

सौ. सावित्रीवन्संस गोदाचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. गाढवाशी आल्यावर ह्यांना ठसका लागला आणि पुढचं वाचेनात. तेव्हाच मी ओळखलं. वन्सं, गाढव बाहेर शोधायला नको, ते आपल्याच पडवीत झोपाळ्यावर बसलंय.

झालं असं. गेल्या आषाढात भिकाजी ह्यांच्याकडे आला होता. दुकान चालत नाही, कुठे नोकरी मिळाली तर गाव सोडीन म्हणाला. गाव सोडीन म्हटल्यावर हे एवढे खूश झाले की दौत-टाक घेऊन बसलेच. रोजच्या दाखल्यांसारख्या चार ओळी नाहीत, चांगलं पान भरून लिहिलं. झाडांवर पोटच्या मुलांसारखं प्रेम, शेतीचं सखोल ज्ञान, असा माणूस ज्या संस्थेला मिळेल ती धन्य. वर कोणाचं नाव घातलं नाही, म्हणजे कुठेही चालेल आणि जितक्या लांब जाईल तितकं बरं. मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो, इतकं गूळ-खोबरं नको. मला म्हणाले, तुला कळत नाही, हे पत्र त्याला विदर्भात पोचवील.

ते पत्र पोचलं रघूच्या टेबलावर. रघू बिचारा काय करील? मास्तरांच्या मनासारखा माणूस द्यायचा होता, मास्तरांच्याच अक्षरात नाव मिळालं. सभेत तो मान खाली घालून जे चाळत होता ना, ते ह्यांचंच पत्र होतं. भर सभेत मास्तरांची शोभा नको म्हणून पोर गप्प राहिला. हे मला काल त्याच्या आईने, येसूबाईने विहिरीवर सांगितलं.

पेट्या हलवून बघितल्या. दोन पावलं नेली तर माश्यांनी ह्यांचा कान सुजवला. तुमचे बंधू आता जेवत नाहीत, नुसते पेट्यांपाशी बसतात. मला हे बघवत नाही. मी काहीतरी करणार आहे. काय ते आत्ता लिहीत नाही, कारण पत्र टाकायला हेच जातात आणि पाकीट उजेडात धरून बघतात.

मुलांना पापे. आठवण ठेवता, तशीच ठेवावी.

तुमची,
गोदा

—

पूर्णगड,
ता. १९ फेब्रुवारी १९८७

चि. सावित्रीस अनेक आशीर्वाद.

गाढव सापडलं. तुझ्या वहिनीने तुला कळवलंच असेल, तेव्हा मी पुन्हा लिहून माझी शोभा करत नाही. आता पुढचं ऐक.

आपल्याकडे कोणाला नवं पद मिळालं की तो गावदेवीला नारळ देतो आणि शिवा गुरव त्याच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. भिकाजीही माघी पौर्णिमेला नारळ घेऊन आला. मी ह्या प्रकाराला तीस वर्षं गेलेलो नाही, पण त्या दिवशी गोदाने हट्टाने नेलं. सगळा गाव गोळा झाला होता. शिवाने नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली. ह्या लेकराला खुर्ची मिळाली आहे, ती टिकव. सगळा गाव एका सुरात, व्हय म्हाराजा. त्याच्या बायकामुलांना सुखी ठेव. व्हय म्हाराजा. सगळ्यांत मोठा आवाज भिकाजीचा, कारण नारळ त्याचा. आणि मग शिवाने आवाज न बदलता पुढचं वाक्य टाकलं.

“आणि बा म्हाराजा, मोहोर फुललेला असताना जो कोण त्याच्यावर औषध मारील, त्याचा पंप आणि त्याचं पोट दोन्ही धरून ठेव!”

“व्हय म्हाराजा!” भिकाजी ओरडला.

ओरडून झाल्यावर त्याला कळलं. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी मागे वळून गोदाकडे पाहिलं, तर ती खांबाला टेकून पदराने चेहरा पुसत होती. शिवाच्या खोकल्याला ती पंधरा दिवस आपला मध का पाठवत होती, ते मला तेव्हा उमगलं.

तरी भिकाजी हटवादी. तिसऱ्या दिवशी पंप पाठीला लावून धाकूच्या बागेत शिरला. मी कुंपणाशी उभा होतो. पंपाचा दांडा एकदा हलवला, दुसऱ्यांदा दट्ट्या अडकला. तो ओढायला वाकला आणि पोट धरून खालीच बसला. आदल्या दिवशी त्याने सासुरवाडीला तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण तीनदा मागून घेतलं होतं, हे मला त्याच्या मेव्हण्याकडून समजलं. आणि पंप वर्षभर धुतलेला नव्हता. सावित्री, मी तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. कार्यकारणभाव काय असतो ते फळ्यावर लिहून दिलं. पण धाकू मला म्हणाला, मास्तर, बघितलंत देवीचं? आणि मी तोंड मिटून मान हलवली. माझी मला लाज वाटली, पण पेट्यांकडे बघितलं आणि ती गेली.

त्यानंतर भिकाजी स्वतः बागाबागांतून फिरून सांगतो आहे, फुलात औषध मारू नका, पाहिजे तर पालापाचोळ्याची धुरी द्या. धाकू त्याला घाबरतो. चारही पेट्या गजबजल्या आहेत.

जावईबापूंना सांग, चहा चालू आहे. तुमचा सगळ्यांचा जीव आमच्यावर आहे, तो असाच जडलेला राहावा.

तुझा,
आप्पा

—

मुंबई,
ता. ३ मार्च १९८७

ती. आप्पांस शि. सा. नमस्कार.

पत्र ऑफिसात मोठ्याने वाचलं. दोन बोर्डांवरचे कॉल खोळंबले. वहिनीला माझा साष्टांग नमस्कार सांगा, तुमच्या संघाला चेअरमन तीच हवी.

पण आप्पा, एक सांगू? भिकाजी अजून खुर्चीवर आहे आणि मोहोराला फळ धरलं आहे. छत्री सोडायचे दिवस जवळ आले! आंबा सोडला म्हणालात, आमरस सोडला असं काही म्हणाला नव्हतात, अशी पळवाट इथून एकमताने सुचवली आहे. विचार व्हावा. प्रेम आहेच, ते वेगळं मागत नाही.

तुमची,
सावित्री

—

पूर्णगड,
ता. २४ एप्रिल १९८७

चि. सावित्रीस आशीर्वाद.

आंबा असा आला आहे की धाकूच्या बागेत फांद्यांना टेकू द्यावे लागले. धाकू म्हणतो देवी, मी म्हणतो माश्या. दोघांचंही चालू दे. आमरसाची पळवाट आवडली, पण मास्तरचा शब्द चाळणीतून गाळता येत नाही.

काल रघू आनंदाने उड्या मारत आला. संघाच्या काही सभासदांची तक्रार आहे की, पंप गंजत पडले आहेत आणि अधिकारी फवारणीच करू देत नाही. तेव्हा भिकाजीला काढून घाटावरून पदवीवाला अधिकारी आणायचा, असं ठरतं आहे. त्या पदवीवाल्याने आपलं वेळापत्रक आधीच पाठवलं आहे. मोहोरात तीन फवारण्या! रघू म्हणाला, मास्तर, तुमचं गाऱ्हाणं अखेर ऐकलं, परवा भिकाजी खुर्चीवरून उतरला की पहिला आंबा मीच तुम्हाला कापून देतो. पिशवीतून दोन पायरी काढून त्याने माझ्यापुढे ठेवलेसुद्धा. सगळी पडवी घमघमली.

मी बराच वेळ त्या आंब्यांकडे बघत होतो. मग गोदाला दौत-टाक आणायला सांगितलं. ह्या वेळी पत्र चार ओळींचं झालं आणि वर रघूचं नाव घातलं. नक्कल तुझ्यासाठी उतरवतो.

“भिकाजी यांना झाडांची विशेष आवड नाही. शेतीचं ज्ञान बेताचं आहे. परंतु मोहोराला हात लावायला ते घाबरतात आणि दुसऱ्यालाही घाबरवतात. अशा माणसाला खुर्चीवरून हलवू नये. पूर्वीचं शिफारसपत्र मी खोटं लिहिलं होतं, हे खरं आहे.”

रघूने दोनदा वाचलं, मला नमस्कार केला आणि आंबे पुन्हा पिशवीत घातले. मी त्याला पायरी ठेवून जा म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही.

तुझ्याकडे आंब्याच्या दोन पेट्या पाठवतो आहे. पहिली फोड खाल्लीस की कसा लागला ते सविस्तर लिही. हात आखडू नको, पाठपोट दोन्ही बाजू लिही.

तुझा,
आप्पा

—

पूर्णगड,
ता. १४ मे १९८७

सौ. सावित्रीवन्संस गोदाचा नमस्कार. वि. वि.

आंब्याच्या चवीवर तुम्ही चार पानं लिहिलीत, ती ह्यांनी दोनदा वाचली. जेवताना समोर ठेवून वाचतात. मी आंबा चिरायला घेतला की उठून पेट्यांकडे जातात, म्हणून मी हल्ली दुपारी शेजारी येसूबाईकडे जाऊन खाते.

भिकाजी खुर्चीवर आहे. काल तो घरी आला होता. ह्यांनी पत्रात काय लिहिलं ते रघूने वाचून दाखवलं म्हणाला. मला वाटलं, आता भांडणार. पण म्हणाला, मास्तर, माझ्याविषयी खरं लिहिलेलं पत्र जन्मात पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यावर माझी नोकरीही टिकली. मग पाय धरून रडला. ह्यांचेही डोळे भरले. मी दोघांना चहा दिला.

तो गेल्यावर ह्यांनी पहिल्या पेटीतला मध काढला. मोहोरावरच्या माश्यांचा मध, म्हणजे त्यात आंबा आला की नाही, असा आम्हाला प्रश्न पडला. बराच खल झाला. शेवटी मी म्हटलं, अहो, फोड नाही ना, मग चाखा. ह्यांनी बोट बुडवून तोंडात घातलं आणि डोळे मिटले. मोहोराचा वास येतो म्हणाले. मीही चाखला. वन्सं, तुम्हाला म्हणून सांगते, मला तर जांभळाचाच लागला. पण मी मान हलवली आणि म्हटलं, व्हय म्हाराजा.

बाटली भरून ठेवली आहे, गणपतीला याल तेव्हा तुम्हीही चाखा आणि हेच सांगा.

तुमची,
गोदा